व्याह्यांनी धुतलेल्या दहा कुंड्या

यमराज दाराशी आला तरी माझे व्याही त्याला आत घेण्याआधी रेड्याचे खूर पायपुसण्यावर पुसायला लावतील, आणि पुसून झाले की म्हणतील, "मागचे दोन राहिले." अशा माणसाबरोबर मी केलेलं शेवटचं काम म्हणजे कुंड्या धुणं. हॉलंडात रायस्वाइकला माझ्या मुलाच्या घरामागं चार पावलांची बाग आहे. ऑक्टोबर संपत आला होता. अंगात स्वेटर, वर जाकीट, त्यावर सुनेचे स्वयंपाकाचे एप्रन बांधून आम्ही दोन म्हातारे स्टुलांवर बसलो होतो आणि लग्नाची पंगत उठल्यावर भांडी घासतात तशा कुंड्या घासत होतो. धुवायच्या होत्या अकरा. धुतल्या दहा. अकरावीवरून आमचं वाजलं. ती कुंडी माझ्या बायकोची होती, तिनं भरलेली, आणि बायको फेब्रुवारीत गेली. व्याह्यांना ती रिकामी करून घासायची होती आणि मला तिच्यातली चिमूटभर माती हलू द्यायची नव्हती. एवढंच भांडण. पण व्याही कळल्याशिवाय ते भांडण कळायचं नाही, म्हणून आधी व्याही सांगतो. त्यांची लेक, म्हणजे आमची सून, हे वाचणार आहे. वाचू दे. तिला त्यात नवीन काय आहे?

मी कराडचा. सातवी पास, तीही गुरुजींच्या कृपेनं. चाळीस वर्षं सायकलचं दुकान चालवलं. पंक्चर काढायचं, चाकाचा आऊट काढायचा, ब्रेक घट्ट करायचे. मुलगा शिकला, इंजिनिअर झाला आणि माणसांपेक्षा सायकली जास्त अशा देशात जाऊन राहिला. बापाचा धंदा काही त्याला सोडत नाही. व्याही मिरजेचे. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्ये चौतीस वर्षं होते. डॉक्टर नव्हेत. ऑपरेशनची हत्यारं उकळायची, वाफवायची, हिरव्या कापडात बांधायची, मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची, हे त्यांचं काम. पण बोलण्याचा थाट असा, की डॉक्टर येऊन नुसते कापून जायचे आणि बाकी दवाखाना ह्यांच्या खांद्यावर. "आमच्या टेबलावर एकही पेशंट कधी पिकला नाही," असं ते म्हणायचे, म्हणजे कुणाच्या जखमेत पू झाला नाही. मी एकदा म्हणालो, "आमच्या दुकानातही एकही सायकल पिकली नाही." ते हसले नाहीत. ते हसतात तेव्हाही आधी तोंडाला रुमाल लावतात.

साखरपुड्याच्या दिवशीच मला अंदाज आला होता. मी हात पुढं केला, तर त्यांनी तो धरून उलटा केला आणि माझी नखं बघितली. माझ्या नखांत चाळीस वर्षांचं ग्रीस आहे. ते आता माझंच कातडं झालंय. मुलीच्या बापानं मुलाच्या बापापुढं वाकायचं, अशी आपल्याकडची रीत. हे वाकले, पण नखं नीट दिसावीत म्हणून. लग्नात तर कहर केला. नवऱ्या मुलाचे पाय सासऱ्यानं धुवायचे असतात, म्हणजे विहीणबाईंनी पाणी सोडायचं, ह्यांनी पायांवरून हात फिरवायचा, झालं. ह्यांनी माझ्या मुलाच्या पायाची बोटं एकेक सुटी करून मधल्या बेचक्या धुतल्या. मग टाचा. मग घोटे. मुलगा गुदगुल्यांनी खुर्चीतून घसरायला लागला. भटजी घड्याळ बघत म्हणाले, "अहो, पाद्यपूजा आहे, अंघोळ नाही." तर हे म्हणतात कसे, "डावा अजून राहिलाय." माझी बायको पदर तोंडाला लावून अशी हसत होती, की लोकांना वाटलं मुलाच्या लग्नात आई रडतेय. त्या दिवसापासून तिचं आणि व्याह्यांचं जमलं. म्हणजे ती त्यांची टिंगल करायची आणि ते तिला वहिनी म्हणायचे.

इथं आईबापांना तीन महिन्यांच्या वर राहू देत नाहीत. म्हणून आम्ही दरवर्षी ऑगस्टात यायचो, नोव्हेंबर लागला की परत. व्याहीही त्याच सुमाराला येत. विहीणबाई पाच वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून एकटेच. आता तुम्हीच सांगा, लेकीकडं आलेला बाप काय करतो? सोफ्यावर बसतो, चहा पितो, नातीला गोष्ट सांगतो, नात डच भाषेत कंटाळा आल्याचं सांगते, संपलं. पण व्याह्यांच्या डोक्यात जुनं खूळ: लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही. त्यांच्या वडिलांनी म्हणे लेकीच्या घरी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. ह्यांना पाण्याशिवाय जमत नाही, सारखे हात धुवायचे असतात, म्हणून ह्यांनी मधला मार्ग काढला. काम करून खायचं. आधी खिडक्यांच्या काचा, मग चहा. आधी सायकलींच्या चाकांच्या तारा पुसणं, मग जेवण. सून कपाळाला हात लावायची. "बाबा, अहो माझंच घर आहे हे." "म्हणूनच," ते म्हणायचे. गेल्या वर्षी त्यांना ताप भरला. उठवेना. काम नाही, म्हणून अन्न नाही! "आज माझा उपास आहे," म्हणाले. वार कोणता होता तर बुधवार. दोन दिवस सुनेनं डोकं फोडलं. तिसऱ्या दिवशी माझी बायको तांदळाची पेज घेऊन वर गेली आणि म्हणाली, "पाव्हणं, ही लेकीची न्हाई. तांदूळ मी कराडास्नं आणल्याती, शिजवल्याती बी मीच. गिळा मुकाट्यानं." त्यांनी मुकाट्यानं गिळली. चार दिवसांनी उठले तेव्हा आधी काय केलं? तिच्या चपला घासल्या. तळव्याकडनंसुद्धा. बिचारी दोन दिवस घरात घसरत होती.

त्यांची हात धुण्याची एक पद्धत आहे. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगट आणि तिथनं थेट कोपरापर्यंत. मग पाणी कोपराकडून गळावं म्हणून दोन्ही हात वर धरायचे. पुसायचे नाहीत, वाऱ्यावर वाळू द्यायचे. वाळेपर्यंत कशालाही शिवायचं नाही, म्हणून दारं कमरेनं ढकलायची, दिव्याचं बटण कोपरानं दाबायचं. एका सकाळी ते असेच हात वर करून बागेत आले. कुंपणापलीकडं शेजारची डच बाई कपडे वाळत घालत होती. तिनं बघितलं, की ह्या भारतीय गृहस्थानं आपल्याकडं तोंड करून दोन्ही हात उंच केलेत, चेहरा गंभीर. तिला वाटलं, हा ह्यांचा नमस्कार. बाई सभ्य. तिनं हातातला ओला पायजमा खाली ठेवला आणि दोन्ही हात वर केले. तेव्हापासून ती आमच्या घरातल्या प्रत्येकाला हात वर करूनच भेटते. मी ब्रेड आणायला निघालो की करते, मुलगा ऑफिसला निघाला की करते. सुनेनं मला सांगितलं, "तिला खरं सांगू नका, बाबा, तिला फार वाईट वाटेल." म्हणून आम्हीही करतो. पोलिसानं बंदूक रोखल्यासारखं सगळं घर त्या बाईपुढं हात वर करतं.

आता कुंड्या. इथल्या थंडीत मातीची कुंडी बाहेर राहिली की तिच्यातलं पाणी गोठतं आणि कुंडी तडकते. म्हणून थंडीआधी फुलझाडं काढायची, कुंड्या धुऊन वाळवायच्या आणि मागच्या शेडमध्ये उलट्या ठेवायच्या. सगळेच करतात. ब्रश फिरवायचा, पाण्याचा फवारा मारायचा, अर्ध्या तासाचं काम. व्याह्यांना त्याला तीन दिवस लागायचे. पहिल्या दिवशी कोरडा ब्रश. दुसऱ्या दिवशी कडेला धरलेला पांढरा क्षार काढायला व्हिनेगर. तिसऱ्या दिवशी उकळतं पाणी. "स्वच्छ वेगळं आणि निर्जंतुक वेगळं, व्याही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की माझ्या चितेवर कुणी ते म्हटलं तर मी उठून बसेन. एका वर्षी त्यांना वाटलं, उकळतं पाणी काही पुरेसं नाही. हत्यारं कशी वाफेच्या दाबाखाली ठेवतात? आणि घरात वाफेचा दाब कुठं असतो? सून ऑफिसला गेली होती. ह्यांनी तिच्या मोठ्या कुकरमध्ये चार छोट्या मातीच्या कुंड्या बसवल्या, वर एक प्लॅस्टिकची ठेवली आणि तीन शिट्ट्या काढल्या. मातीच्या बऱ्या निघाल्या. प्लॅस्टिकची थालीपीठ होऊन बाहेर आली. व्याह्यांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "आकार गेला, पण जंतू राहिला नसणार." नंतर पंधरा दिवस आमटीला पहिल्या पावसातल्या अंगणासारखा वास यायचा. सून म्हणायची डाळ बदलली पाहिजे. मी आणि माझी बायको एकमेकांकडं बघत नव्हतो.

आणि मोजणी! काम सुरू करायच्या आधी सगळं स्टुलावर मांडून मोठ्यानं मोजायचं. ब्रश चार, खुरपं एक, फडकी तीन, बादल्या दोन. शेड बंद करायच्या आधी परत मोजायचं. कारण पोटात कात्री राहिली की माणूस जातो. मी म्हणालो, "शेडच्या पोटात खुरपं राहिलं तर शेड जाणार आहे का?" म्हणाले, "सवय ही सवय असते." मग एका वर्षी मी खुरपं लपवलं. मुद्दाम. कंटाळा आला होता, टीव्हीवर सगळं डच लागतं. मोजणीत खुरपं भरेना. व्याही पांढरे पडले. रचलेल्या कुंड्या एकेक उतरवून त्यांनी आतून हात फिरवला, पाऊस सुरू झाला तरी थांबेनात. तासाभरानं मी माझ्या बुडाखालून खुरपं काढलं आणि म्हणालो, "अरे, इथं हाय की!" त्यांनी ते माझ्या हातातनं घेतलं. खुरपं धुतलं, मोजलं, ठेवलं. माझी बायको मात्र बोलली. जेवायला वाढताना म्हणाली, "त्यांच्या हातनं चौतीस वर्षांत कुनाच्या पोटात काय ऱ्हायलं न्हाई. तुमच्या हातनं बसवलेलं चाक दोनदा रस्त्यात निखळलंय." ती अशीच होती. माझी बाजू तिनं फक्त लोकांसमोर घेतली.

गेल्या वर्षी ऑगस्टात हेगमधल्या एका सुरिनामी दुकानात तिला अळूचे कंद दिसले. त्या लोकांचे पणजे आपल्याच देशातून तिकडं दक्षिण अमेरिकेत गेलेले, त्यामुळं दुकानात दुधीपासून हळदीपर्यंत सगळं मिळतं. तिनं दोन कंद आणले आणि मोठ्यातली मोठी कुंडी भरून लावले. माती मुठीनं दाबत होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. व्याही चार पावलं लांब उभे राहून म्हणाले, "वहिनी, हातमोजे घाला. माती म्हणजे जंतूंचं वसतिगृह." ती म्हणाली, "पाव्हणं, माती घाण नसती. घाण आपून करतो, माती ती खाती." मला वाटतं, चौतीस वर्षांत त्यांना कुणी असं बोललंच नसेल. ऑक्टोबरपर्यंत पाच पानं आली, तळहाताएवढी. तिनं त्यांची एक वळकटी केली, वाफवली, कापून तळली. माणशी दोन वड्या आल्या. व्याह्यांनी त्या दोन वड्यांसाठी आधी सगळी बाग झाडली. मग थंडी पडली, मागून आलेली कोवळी पानं झडली, आणि व्याही ब्रश घेऊन त्या कुंडीकडं निघाले तर ही आडवी झाली. "ही न्हाई धुवायची. ही झोपलीय. उन्हाळ्यात उठंल." पार्सलांतून येतो तो फुगे फुगे असलेला प्लॅस्टिकचा कागद तिनं कुंडीभोवती गुंडाळला आणि कुंडी शेडच्या कोपऱ्यात ठेवून दिली. नोव्हेंबरात आम्ही कराडला गेलो. फेब्रुवारीत एका दुपारी तिला छातीत दुखलं, रिक्षा येईपर्यंत सगळं आटोपलं.

ह्या वर्षी मी एकटा आलो. विमानात शेजारी एक पोरगी होती, सगळा वेळ कानात बोंडं घालून. आलो तो मागच्या बागेत गेलो, आणि अळू उठलेला होता. सुपाएवढी पानं. जून महिन्यातच वर आला, सून म्हणाली, आम्हाला वाटलं होतं मेला असेल. तिनं दोनदा वड्या केल्या. मी म्हणालो मीठ जास्त झालंय. झालं नव्हतं. व्याही आले ते जरा वाळलेले. हृदयाचं काहीतरी निघालंय, डॉक्टरांनी एवढी एक खेप करू दिली, ह्यापुढं विमान बंद. मला त्यांनी विमानतळावरून आल्या आल्या हात जोडले, माझी नखं बघितली नाहीत. तेव्हाच मला कसंतरी झालं. तीन महिने आम्ही दोघं एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसून काढले. हिचं नाव दोघांनीही घेतलं नाही. मधली जागा मात्र रिकामी ठेवायचो.

व्याही निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा कुंड्यांचा तिसरा दिवस होता, म्हणजे उकळत्या पाण्याचा. दहा कुंड्या झाल्या. त्या आठवड्यात पहिलं दव गोठलं होतं, अळूची पानं काळी पडून उकडल्यासारखी लोंबत होती. ती मी सकाळीच कापली होती. व्याह्यांनी ब्रश झटकला आणि त्या कुंडीकडं बघितलं.

"ही राहिली."

"राहू दे."

"व्याही, एक अस्वच्छ वस्तू टेबलावर आली की सगळं टेबल अस्वच्छ धरतात. हा नियम आहे."

"हे टेबल नाही. शेड आहे."

"बुरशी धरेल. किडे असतील आत. उन्हाळ्यापर्यंत ह्या दहांत पसरतील. मी काय म्हणतो, कंद काढू, कागदात गुंडाळू, कंदाला काही होत नाही. माती हिरव्या कचरापेटीत टाकू आणि कुंडी—"

"मातीला हात लावायचा नाही."

"अहो, माती आहे ती. दुकानात पोत्यानं मिळते."

तिथं माझं डोकं फिरलं. मला काय कळत नाही का? तिच्या बोटांचे ठसे कुठले राहणार, उन्हाळाभर पाऊस पडलाय मातीवर. पण दाबलेली तिनं होती. कराडच्या घरात तिच्या साड्या बहिणींनी वाटून घेतल्या, डबे भावजय घेऊन गेली, रीतच आहे ती. साडी काय, तिनं नेसली, धुतली, घडी केली. पण ही माती तिनं मूठ आवळून भरली होती, आणि तिच्यातून तिच्यामागं काहीतरी उगवलं होतं. हे सगळं मला नीट बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. मी बोललो ते भलतंच.

"तुमच्या मिरजेच्या घरात विहीणबाईंचं काय उरलंय ते सांगा आधी. आहे एक तरी वस्तू? कपाट उघडलं की फिनेलचा वास येतो. बायको गेली म्हणजे तुमच्या वॉर्डातली कॉट रिकामी झाली!"

बोललो आणि वाटलं, जीभ हासडून बादलीत टाकावी. व्याह्यांचा ब्रश थांबला. त्यांनी बादलीत हात धुतले, अगदी कोपरापर्यंत. वर धरले. मग माझ्याकडं न बघता, पाणी गळत असताना बोलले.

"सुतक फिटलं त्या दिवशी घर धुतलं. सगळेच धुतात. मी जरा जास्त धुतलं. चादरी, फणी, तिच्या चष्म्याची पेटी. उशीचा अभ्रा उकळत्या पाण्यात घातला. हात चालले होते, मी काही विचार केला नाही. रात्री डोकं टेकलं तर अभ्र्याला नुसता धुण्याच्या सोड्याचा वास." हात आणखी वर धरले. "निर्जंतुक झालं सगळं."

मी म्हणालो, "चहा टाकू?"

"एक कुंडी झाल्याशिवाय नको."

कुंडी तर उरली नव्हती. एकच होती, आणि तिच्याकडं त्यांनी बघितलं नाही. धुऊन ठेवलेल्या दहांतली एक त्यांनी परत उचलली, परत घासली, परत गरम पाणी ओतलं, आणि मग चहा घेतला. मोजणी झाली. ब्रश चार, खुरपं एक, फडकी तीन, बादल्या दोन. कुंड्या दहा. अकरावी ते बोलले नाहीत. जेवताना त्यांनी मला पापड दिला, मी घेतला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं विमान. सहाला गाडी निघायची होती. मी जागाच होतो. साडेपाचला मागचं दार वाजलं आणि शेडची कडी सरकल्याचा आवाज आला. मी अंथरुणात उठून बसलो. गेला! चालला माझी कुंडी घासायला! जायच्या दिवशीसुद्धा ह्या माणसाला चैन नाही. इथले जिने शिडीसारखे उभे आणि माझे गुडघे सकाळी आखडलेले. कठड्याला धरून, एकेक पायरी शिव्या घालत खाली येईपर्यंत अर्धा तास गेला असेल. व्याही गाडीत बसलेही होते. मुलगा गाडी चालू करत होता. व्याह्यांनी काच खाली केली. मला वाटलं आता माफी मागतील, निदान येतो म्हणतील. म्हणाले, "हात धुतल्याशिवाय शेडमध्ये जाऊ नका." काच वर. गाडी गेली.

मी दारातच उभा. सून डोळे पुसत म्हणाली, "बाबांचं काहीतरी बिनसलंय. दाढीचं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं आज." मी ऐकलं आणि सोडून दिलं. व्याह्यांचं दाढीचं सामान एका हिरव्या कापडात असायचं. निवृत्तीच्या दिवशी थिएटरच्या लोकांनी त्यात बांधून त्यांना भेट दिली होती. भेट कसली होती ते विसरले, कापड जपलं. दर आठवड्याला धुऊन इस्त्री. नातीनं एकदा बाहुलीला पांघरायला मागितलं तर तिला नवी शाल आणून दिली, कापड दिलं नाही. पण मला तेव्हा कापडाचं काय पडलं होतं? मी तसाच, न धुतल्या हातांनी, मुद्दाम न धुतल्या हातांनी, शेडकडं गेलो आणि दार ओढलं.

दहा कुंड्या उलट्या रचलेल्या. दोन कुंड्यांच्या मध्ये कागद, एकमेकींना घासू नयेत म्हणून. तोंडं सगळी एका बाजूला. आणि कोपऱ्यात, जिथं हिनं ठेवली होती तिथंच, अकरावी. मातीसकट. आत तीच माती, काळी, मी पानं कापलेल्या देठांचे बुडखे तसेच. हिनं गुंडाळलेला तो फुग्यांचा कागद सुनेनं उन्हाळ्यात कुठंतरी टाकला होता. त्याच्या जागी हिरवं कापड. चारी कोपरे आत दुमडून, एकावर एक, ऑपरेशनची हत्यारं बांधतात तसं, फक्त वर हात जाईल एवढी फट ठेवलेली. कडेला पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्यावर पेननं, सुबक अक्षरांत, पूर्वी गाठोड्यावर लिहायचे तसं:

वहिनींची माती. उघडू नये. निर्जंतुक नाही.

खाली त्यांची छोटी सही.

मी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. नखं बघितली. घरात परत आलो, स्वयंपाकघरातला नळ सोडला. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगटं, कोपरं. सून म्हणाली, "बाबा, काय करताय?" म्हटलं, "गप बस." हात वर धरले आणि कमरेनं दार ढकलून बागेत आलो. कुंपणापलीकडं शेजारची बाई कचरापेटी बाहेर काढत होती. तिनं पेटी सोडली आणि दोन्ही हात वर केले. माझे वरच होते. मी शेडमध्ये गेलो, हात वाळेपर्यंत तिथं उभा राहिलो. मग फटीतून मातीवर हात ठेवला.